स्थळ बघताना काय बघितलं? तुमच्या घरातले अनुभव सांगा

भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे. आजी विचारते, "मुलाचा वर्ण कसा, घराणं कसं?" ताईचं पहिलं वाक्य, "पत्रिका जुळतेय का?" आणि भाची म्हणते, "मावशी, थॅलेसेमियाची, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झालीय का, ते आधी विचार." काळजी तिघींचीही पुढच्या पिढीचीच. मला वाटतं, आनुवंशिकता आपले पणजी-पणजोबाही बघतच होते. पण डोळ्यांना दिसेल तेवढीच. रंग, उंची, चष्मा, घरात कुणाला कोड नाही ना. रक्तात लपलेलं कुणाला दिसत नव्हतं आणि त्या नादात कित्येक चांगल्या मुलींना नकार पचवावे लागले. तुमच्याकडे हे कसं बदललं, मोकळेपणाने लिहा.

सातारा, वय ७४

माझे यजमान माझे सख्खे आतेभाऊ. आत्याच सासू, जमीन घरातल्या घरात, म्हणून वडील निर्धास्त होते. थोरला चांगला झाला. धाकटा पाळण्यात असताना जावेच्या हातून परात पडली. थोरला दचकून रडायला लागला, धाकटा मात्र खुळखुळ्याकडे बघत हसत होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात विळीला हात लावला असशील. हे बोल मी फार वर्षं ऐकले.

पुढे पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी आमची वंशावळ कागदावर काढली. सख्ख्या आते-मामे भावंडांत साधारण एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. दोघांत तोच दोष सुप्त असला, तर दोघं धडधाकट असूनही मुलात तो उघड होऊ शकतो. विळीचा काही संबंध नाही, हे त्यांनी यजमानांसमोर सांगितलं. नंतर भावाने त्याची मुलगी थोरल्याला देऊ केली. मामाच्या मुलीवर पहिला हक्क, असं सगळे म्हणाले. मी नाही म्हणाले. त्या दिवाळीला भाऊ भाऊबीजेला आला नाही. तरी मी शब्द फिरवला नाही.

डोंबिवली, दोन मुलींची आई

धाकटीच्या वेळी सासूबाई रोज केशराचं दूध द्यायच्या, बाळ गोरं व्हावं म्हणून. ती सावळी झाली. केशराने बाळाचा रंग बदलत नाही. त्वचेचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात, म्हणूनच सख्ख्या बहिणींतही एवढा फरक पडतो. माझ्या वेळच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ असायचं. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातलं ‘फेअर’ गेलं, पण बायोडेटासाठी फोटो काढताना फोटोग्राफरने न विचारता पोरीचा चेहरा उजळ केला. तिने तो फोटो परत करून दुसरा काढायला लावला.

पुणे, वय २९

आता मुलांकडेही तसंच बघतात, हे कुणीतरी लिहायला हवं. कपाळ मोठं होत चाललंय म्हणून दोन ठिकाणांहून नकार आले. आई मामाला दोष देते. टक्कल आईच्या वडिलांकडूनच येतं हा समज अर्धाच खरा आहे: एक महत्त्वाचं जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं, बाकीची पुष्कळ दोन्हीकडून येतात. नकाराचं वाईट वाटतं. मुली वर्षानुवर्षं हेच सोसत आल्या, हे त्यामुळे नीट कळलं.

नागपूर, वय ३३

काकांचे हातपाय असह्य दुखायचे, घरात त्याला वात म्हणायचे. तो सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार होता, हे ते गेल्यावर कळलं. कॉलेजच्या शिबिरात माझं रक्त तपासलं, मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी तपासणी झाली: एएस, म्हणजे वाहक, दोनपैकी एकच जनुक सदोष. आजारी नाही. ज्याच्याशी लग्न करायचं होतं, त्यालाही मीच तपासणीला नेलं. तोही एएस.

घरचे म्हणाले, सोड. आम्ही समुपदेशकाकडे गेलो. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस, म्हणजे आजारी बाळाची, दोन वाहकाची, एक पूर्ण निरोगी. आणि आधीचं मूल कसं झालं यावर पुढचं ठरत नाही. सगळं समजून घेऊन लग्न केलं. अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासला. निकालापर्यंत झोप नव्हती. मुलगी एएस आहे, ठणठणीत आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. आता आमच्याकडे मुलं एकमेकांना सरळ विचारतात, "तुझा रिपोर्ट काय?" पण वाहक मुलीला ‘दोष आहे’ म्हणून परत पाठवणारीही घरं आहेत. याचा मला फार राग येतो. समोरचा वाहक नसेल, तर बाळाला एसएस होतच नाही!

उल्हासनगर

आम्ही सिंधी, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसतं वाहक असणं, आमच्यात बरंच आढळतं. माझा एचबीए-२ (हा हिमोग्लोबिनचा प्रकार वाहकांत वाढतो) वाढलेला, नवऱ्याचा नॉर्मल. साखरपुड्याआधी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले, दहा मिनिटांत विषय संपला.

ठाणे, स्त्रीरोगतज्ज्ञ

पत्रिकेतली एकनाड म्हणजे रक्तगट एकच, म्हणून मूल होत नाही, असं अजून ऐकते. नवरा-बायकोचा गट सारखा असल्याने काहीही बिघडत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर लक्ष द्यावं लागतं. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे, अठ्ठाविसाव्या आठवड्याला आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत.

(धागा काढणारी)

भाचीने विचारलंय, रिपोर्टचा विषय कधी काढावा? पहिल्या भेटीत अवघड वाटतं.

नागपूर

होकार कळवण्याआधी. आणि आपला रिपोर्ट आधी समोर ठेवायचा, मग त्यांचा मागायचा.