मदत हवी आहे : मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्रीला गोळी सॉसेजमधून द्यावी का?

नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. आमची कारवानी कुत्री आता वयस्कर झाली असून तपासणीत तिचे क्रिएटिनिन वाढलेले आढळल्यापासून तिला रोज दोन वेळा गोळ्या सुरू आहेत. भाकरीत किंवा भातात दडवलेली गोळी ती नेमकी बाजूला काढते. माझ्या दिरांनी पुण्याहून आणलेल्या चिकन सॉसेजच्या तुकड्यात घातली, तर मात्र निमूटपणे गिळते. औषध पोटात जाते याचे समाधान मोठे आहे, पण पाकिटावरचे घटक वाचल्यापासून मनाला स्वस्थता नाही.

त्यात मीठ, सोडियम नायट्राइट, फॉस्फेट आणि लसणाची पूड आहे, शिवाय नुसतेच ‘मसाले’ असेही लिहिले आहे. कांदा-लसणामुळे कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात हे ठाऊक होते. परंतु या आजारात फॉस्फरसही कमी ठेवायचा असतो, मग वरून घातलेले फॉस्फेट कितपत चालेल? तुकडा नखाएवढाच असला, तरी तो रोज दोनदा आणि कदाचित जन्मभर द्यावा लागणार आहे. सॉसेज उकळून पाणी फेकले, तर दोष कमी होतो का? कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी पशुवैद्यक आहे. निरोगी, मोठ्या कुत्र्याने एखादा तुकडा खाल्ला तर सहसा काही बिघडत नाही, पण तुमच्या कुत्रीला सॉसेज, सलामी, हॅम यांपैकी काहीही देऊ नका. उकळल्याने थोडे मीठ उतरेल, लसणाचा अपाय मात्र शिजवूनही जात नाही आणि पूड ही ओल्या लसणापेक्षा फार तीव्र असते. शिवाय चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वेगळाच.

मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसाचे तीन छोटे तुकडे घ्या. पहिला रिकामा द्या, दुसऱ्यात गोळी घाला आणि तो गिळताच तिसरा पुढे करा. पुढच्या घासाच्या ओढीने ती गोळी चावत बसत नाही. काळजात (कलेजीत) फॉस्फरस जास्त, म्हणून ते टाळा. गोळी कुटून देण्यापूर्वी मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या फोडायच्या नसतात.

रक्तपेशींवरचा परिणाम काही दिवसांनी दिसू शकतो. हिरड्या फिकट पडल्या, लघवी तांबूस-काळपट झाली किंवा धाप लागली, तर वाट न पाहता रक्त तपासून घ्या. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे.