ओव्हन २०० अंश दाखवतो, आत मात्र १६०: सेन्सर बदलावा की कंट्रोल बोर्ड?

गेल्या तीन आठवड्यांपासून आमचा विजेवर चालणारा ओव्हन विचित्र वागत आहे. २०० अंश सेल्सिअस लावले की तो पूर्वीपेक्षा लवकर तापल्याची सूचना देतो, पण पाव वरून फिकट आणि आतून ओलसर राहतो. त्यातच कधी कधी वीसेक मिनिटांनी डिस्प्लेवर सेन्सरमधील बिघाडाचा संकेत येतो आणि ओव्हन तापणे थांबते. थंड झाल्यावर तो पुन्हा सुरळीत सुरू होतो, आणि याचेच मला अधिक कोडे पडले आहे.

मधल्या जाळीवर स्वतंत्र ओव्हन थर्मामीटर ठेवून मी तासभर नोंदी घेतल्या. हीटर चालू-बंद होताना तापमान थोडे वरखाली होणारच, म्हणून एकाच आकड्यावर विसंबलो नाही. परंतु अनेक आवर्तनांनंतरही सरासरी १६० ते १६५ अंशांच्या पुढे गेली नाही. दाराचे रबर शाबूत आहे आणि दोन्ही हीटर तापून लाल होतात.

त्यानंतर भिंतीवरचा प्लग काढून, ओव्हन रात्रभर थंड होऊ देऊन मी मागचे झाकण उघडले. सेन्सर पीटी १००० प्रकारचा, म्हणजे तापमानाबरोबर ज्याचा विद्युत रोध बदलतो असा प्लॅटिनमचा आहे. कंट्रोल बोर्डपासून त्याच्या वायरीचा कनेक्टर सुटा करून मल्टिमीटर लावला, तेव्हा खोलीचे तापमान २५ अंश असताना रोध १२४० ओहम आला. वायरी हलवल्या की आकडा थोडा सरकतो. घरी आलेल्या तंत्रज्ञांनी मोजमाप न करताच संपूर्ण कंट्रोल बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला. दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय एवढा मोठा भाग बदलायला मन धजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण मोजमाप करून मगच विचारले, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले. रोध मोजताना बोर्ड सुटा केलेला होता, म्हणजे १२४० या आकड्यात बोर्डाचा काहीही हात नाही. दोष सेन्सरमध्ये आहे, नाहीतर त्याच्या वायरीत.

पीटी १००० मधील प्लॅटिनमचा रोध शून्य अंशाला १००० ओहम असतो आणि तापमानाबरोबर वाढत जातो. २५ अंशांना तो १०९७, १०० अंशांना १३८५ आणि २०० अंशांना सुमारे १७५९ ओहम असायला हवा. आपल्याकडे जवळजवळ १४३ ओहम जास्तीचे आहेत. बोर्डाला रोध तेवढा कळतो, तो कशामुळे वाढला हे कळत नाही. त्यामुळे थंड ओव्हनही त्याला ६२ अंशांचा वाटतो. आत खरे १६० अंश असतात तेव्हा सेन्सरचे सुमारे १६१० आणि हे १४३ मिळून १७५३ ओहम होतात. बोर्ड ते जवळपास २०० अंश समजून हीटर बंद करतो. आपल्या थर्मामीटरच्या नोंदींशी हा हिशेब तंतोतंत जुळतो.

वायरी हलवल्यावर आकडा सरकतो, यावरून माझा संशय सांध्यावर आहे. सेन्सरच्या मागे उष्ण भागाजवळ जो कनेक्टर असतो, त्याच्या पिना वर्षानुवर्षांच्या उष्णतेने गंजतात आणि पकड सैल होते. तापल्यावर धातू प्रसरण पावून तो सांधा पूर्ण सुटत असेल, तर बोर्डाला वायर तुटल्यासारखेच भासते. मग तो बिघाडाचा संकेत देऊन तापवणे थांबवतो. थंड झाल्यावर सांधा पुन्हा जुळतो.

आता सेन्सरच्या स्वतःच्या पिनांवर थेट रोध मोजा. तेथे १०९७ च्या आसपास आकडा आला तर सेन्सर निर्दोष आहे. शंका उरल्यास सेन्सर काढून त्याचे फक्त टोक बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात धरा, वायरीचा भाग कोरडा राहू द्या. १००० ओहम यायला हवेत. सेन्सरच्या धातूच्या नळीशी दोन्ही पिनांची जोडणी नाही ना, हेही तपासा. तसे असल्यास बहुधा उलटा परिणाम होतो: रोध कमी भासतो आणि ओव्हन प्रमाणाबाहेर तापतो. दुरुस्ती करताना वायरी नुसत्या पिळून साधी चिकटपट्टी लावू नका, ती त्या उष्णतेत टिकणार नाही. उष्णतारोधक आवरणाची वायर आणि दाबून बसवायची टर्मिनलेच वापरा.

धागाकर्त्याकडून

मनःपूर्वक आभार. सेन्सरच्या पिनांवर १०९८ ओहम आले. कनेक्टरची एक पीन तपकिरी-काळी पडली होती आणि तिची मादी बाजू (पीन जिच्यात बसते ती) इतकी फाकली होती की बोट लावताच सुटत होती. दोन्ही टर्मिनले बदलल्यावर बोर्डाच्या टोकालाही आता १०९९ ओहम येतात आणि वायरी हलवल्या तरी आकडा स्थिर राहतो. काल २०० अंशांवर दीड तास चाचणी घेतली. थर्मामीटरची सरासरी १९७ होती आणि बिघाडाचा संकेत आला नाही.

एकच शंका उरली आहे. जळक्या पिनेजवळ वायरीचे आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक झाले आहे, पण तडे गेलेले नाहीत. तेवढा भाग आताच कापून नवीन वायर जोडावी काय?