मदत हवी आहे: मोटारहोमच्या टायरमध्ये हवा नेमकी किती ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. आमचे मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, व्हॅनच्या चासीवर बांधलेले असून त्याचे परवानगी असलेले एकूण वजन ३,५०० किलो आहे. मागे जोडचाके नाहीत, दोन्ही बाजूंना एकेकच चाक आहे. टायर २२५/७५ आर १६ सीपी (सीपी म्हणजे खास मोटारहोमसाठीचा टायर) या मापाचे असून लोड इंडेक्स, म्हणजे टायरची भार पेलण्याची क्षमता दाखवणारा सांकेतिक आकडा, ११६ आहे. हवेच्या दाबाबाबत मला तीन ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत आणि त्यांपैकी कोणते प्रमाण मानावे, हे ठरत नाही.

दाराच्या खांबावरील स्टिकरवर पुढच्या चाकांना ५.० आणि मागच्या चाकांना ५.५ बार असे लिहिले आहे. टायरच्या कडेवर कमाल भारासमोर ८० पीएसआय छापलेले आहे, म्हणजे साधारण ५.५ बारच, पण तिथे पुढचे-मागचे असा भेद नाही. नवे टायर बसवून देणाऱ्या कारागिराने मात्र चारही चाकांत ४.५ बार हवा भरली आणि ‘व्हॅनला एवढी पुरते’ असे सांगितले. स्टिकरप्रमाणे हवा भरली की खराब रस्त्यावर गाडी इतकी आदळते की कपाटांच्या खिट्या आपोआप निघतात. ४.५ बारवर प्रवास सुखाचा होतो. परंतु वळणावर मागची बाजू किंचित डुलते आणि थांबल्यावर हात लावून पाहिले, तर मागच्या टायरची कड पुढच्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागते.

सुरक्षिततेला बाध न आणता हवा थोडी कमी ठेवता येईल का, आणि येत असेल तर ती कोणत्या आधारावर ठरवावी? शिवाय पुढे मागच्या बाजूला सायकलींचा रॅक बसवण्याचा विचार आहे. त्याने या हिशेबात काही फरक पडेल का?

प्रतिसाद १

हे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यामुळे ते जुळत नाहीत. टायरच्या कडेवरचा आकडा त्या टायरने आपला कमाल भार, म्हणजे लोड इंडेक्स ११६ साठी १,२५० किलो, पेलण्यासाठी लागणारा दाब सांगतो. तो टायर कोणत्या गाडीला लागणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते. स्टिकरवरचा आकडा त्या एक्सलवर परवानगीइतका पूर्ण भार आहे असे धरून काढलेला असतो. कारागिराचा आकडा बहुधा मालवाहू व्हॅनच्या सवयीतून आला असावा. मालवाहू व्हॅन पुष्कळदा रिकामी धावते, तर मोटारहोम कायमच भरलेले असते आणि वापरात नसतानाही महिनोन्‌महिने त्याच भाराखाली उभे राहते. सीपी हा टायरचा वेगळा प्रकार याच कारणासाठी आहे, आणि मागच्या एक्सलवर एकेरी बसवलेल्या सीपी टायरमध्ये ५.५ बार दाब ठेवावा, अशी ईटीआरटीओ या युरोपीय टायर-मानक संस्थेची शिफारस आहे.

म्हणून मागच्या चाकांतील ४.५ बार मी पुढच्या प्रवासाआधीच बदलले असते. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि आतले थर सुटू लागतात. टायर फुटतो तेव्हा त्याची सुरुवात बऱ्याच आधी झालेली असते. तुमच्या हाताला लागलेली ती गरमी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पुढच्या चाकांबाबत मात्र वाव असू शकतो. पाण्याची टाकी, गॅस, सामान आणि माणसे यांच्यासह गाडी वजनकाट्यावर न्या आणि शक्य असल्यास प्रत्येक चाकाचे वजन वेगळे घ्या. मोटारहोममध्ये फ्रिज, ओटा आणि टाकी एकाच बाजूला आल्यामुळे डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक निघू शकतो. एकाच एक्सलवरील दोन चाकांपैकी जड चाकाचा आकडा धरावा आणि त्यानुसार दोन्ही चाकांत सारखीच हवा भरावी. तुमच्या टायरच्या कंपनीकडे त्याच मापाचा भार आणि दाब यांचा तक्ता असतो. तो लेखी मागवावा, दुसऱ्या कंपनीचा वापरू नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त दोन बाबी जोडतो. हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना आणि टायरवर ऊन पडलेले नसताना मोजायचे. चालत्या गाडीत दाब अर्धा-पाऊण बार सहज वाढतो. तो पाहून हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर तेवढीच हवा कमी भरते. हवामानाचाही परिणाम होतो. ५.५ बारच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे ०.२ बारने घटतो, त्यामुळे ऋतू बदलला की पुन्हा मोजणे आवश्यक ठरते.

दुसरी बाब व्हॉल्व्हची, जिच्याकडे कोणी पाहत नाही. टीआर४१३ हा मोटारींना सर्रास लावला जाणारा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो. नवे टायर बसवताना तोच लावला गेला असेल, तर ८० पीएसआय भरण्याआधी धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. रिमची दाबमर्यादाही त्याच वेळी तपासावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. व्हॉल्व्ह खरोखरच रबरी निघाले. ते बदलून धातूचे बसवले आहेत. पूर्ण भरलेल्या गाडीचे वजनही केले. पुढची चाके ७६० आणि ७४० किलो, मागचे डावे १,०१० आणि उजवे ८९० किलो भरले. मागच्या एक्सलची मर्यादा २,००० किलो आहे. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर चार मीटर असून रॅक सायकलींसह ६० किलोंचा, मागच्या एक्सलपासून साधारण दोन मीटर मागे येईल.

प्रतिसाद १

मागे ५.५ बारच ठेवा. पुढे टायर कंपनीच्या तक्त्यात ७६० किलोंसाठी दिलेला दाब पाहा आणि त्यात ०.३ बारची भर घालून तेवढाच ठेवा, तो ५.० पेक्षा कमी निघण्याची चांगलीच शक्यता आहे आणि निदान पुढचे आदळणे तरी त्याने कमी होईल. मागचे आदळणे हवा सोडून घालवण्याचा विषय नाही, त्यासाठी शॉक ॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शन तपासून घ्यावे.

आता रॅक. एक्सलच्या मागे टांगलेले वजन तरफेसारखे काम करते. तुमच्या मापांनुसार ६० किलोंमुळे मागच्या एक्सलवर ९० किलो वाढतील आणि पुढचा एक्सल ३० किलोंनी हलका होईल. म्हणजे मागचे १,९०० किलो १,९९० होतील. एकूण वजन ३,४६० किलो, म्हणजे नियमात बसते, पण मागच्या एक्सलवर फक्त १० किलोंची जागा उरते, आणि ती हवा वाढवून वाढत नाही. पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या मागे असेल, तर सायकली नेताना ती अर्धी रिकामी ठेवा किंवा जड सामान दोन्ही एक्सलच्या मधल्या कप्प्यात हलवा, आणि रॅक लावून गाडी पुन्हा काट्यावर न्या.