राणी गेली, त्या बारा दिवसांत तुम्ही कुठे होतात?

आमच्या गणेश मंडळाच्या हिशेबाच्या वहीत 9 सप्टेंबर 2022 च्या पानावर ‘ढोल भाडे – परत’ अशी नोंद आहे. अक्षर माझंच.

आदल्या दिवशी दुपारी साडेबाराला राजवाड्यातून ‘डॉक्टरांना काळजी वाटते’ एवढंच निवेदन आलं, आणि संध्याकाळी साडेसहाला स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी. आम्ही लंडनमध्ये हॅरोला भाड्याच्या हॉलात आरतीच्या तयारीत. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. कुणीतरी फोनवरून बातमी वाचून दाखवली आणि झांजा हातातच राहिल्या. मग तासभर वाद. मिरवणूक काढायची का? एकजण म्हणाला, “बाप्पा आपला, पैसे आपले, त्यांचा काय संबंध?” आमच्यातले एक काका पन्नास वर्षं इथे आहेत. ते एवढंच म्हणाले, “शेजारी मयत असताना ढोल वाजवतात का रे?” वाद तिथेच मिटला. विसर्जन टाळांवर केलं.

तर सगळ्यांना बोलावतोय. त्या दिवसांत कुठे होतात, काय केलंत, काय खटकलं, लिहा. राजेशाही असावी की नसावी हे भांडण नंतर घालू, ते काही संपणारं नाही. (मला स्वतःला नको वाटते. तरी 19 तारखेला, अंत्यविधीच्या दिवशी, मी सकाळपासून टीव्हीसमोरून हललो नाही. आता बोला.)

बर्मंडसी ते वेस्टमिन्स्टर, पायी

मी राणीच्या शवपेटीच्या दर्शनाच्या रांगेत होते. दहा तास. गुरुवार, 15 सप्टेंबर.

दुपारी तीनला बर्मंडसीला रांगेचं शेपूट सापडलं. ते रोज हलायचं, म्हणून सरकारने यूट्यूबवर नकाशाच चालू ठेवला होता. मनगटाला क्रमांकाचा रंगीत पट्टा बांधला की चहाला नाहीतर टॉयलेटला जाऊन परत आपल्या जागी येता येई. मधे घुसायची कुणाची छाती नव्हती. माझ्या मागचे आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर, हातात लांब छत्री. घुसणाऱ्याला त्यांनी छत्रीनेच बाहेर काढला असता.

पहिला तास सगळे फोनमध्ये. टॉवर ब्रिजला बिस्किटं निघाली. लंडन ब्रिज येईपर्यंत आमचं कुटुंबच झालं: बस ड्रायव्हर आजोबा, वेल्सहून आलेल्या दोन बहिणी, एक नायजेरियन नर्स आणि मी. माझ्या डब्यातला पातळ पोह्यांचा चिवडा बहिणींनी चमच्याने खाल्ला. कढीपत्ता मात्र एकेक वेचून बाजूला!

मी राणीसाठी आले नव्हते, हे तिथे कुणाला सांगितलं नाही. एप्रिल 2021 मध्ये नाशिकला बाबा गेले. दुसरी लाट. भारत इथल्या प्रवासबंदीच्या लाल यादीत गेला तो त्याच आठवड्यात. मी सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही चित्र अडकत अडकत. त्याच महिन्यात राणीचा नवरा गेला होता. विंडसरला नियमाप्रमाणे 30 माणसांत अंत्यविधी झाला आणि ती काळा मास्क लावून बाकावर एकटी बसली. तो फोटो मी पेपरातून कापून ठेवला. तिला वेगळा नियम लावला असता तर कुणी काय म्हणणार होतं? पण नाही लावला. मी त्या फोटोच्या मागे इथवर आले होते.

रात्री अकराच्या पुढे रांग सेंट थॉमस हॉस्पिटलच्या बाजूने नदीकाठाला लागली. तिथे कोविडमध्ये गेलेल्यांची लांब भिंत आहे, दीड लाखाहून जास्त लाल बदाम हाताने रंगवलेले. रांग तिथेच अडली. नर्सने एका बदामावर बोट ठेवलं आणि काही बोलली नाही. मी पर्समधून पेन काढलं आणि एका रिकाम्या बदामात बाबांचं नाव देवनागरीत लिहिलं. वेल्सची मोठी बहीण फोनचा टॉर्च धरून उभी राहिली. काय लिहिलंस, हे तिने विचारलं नाही.

तपासणीत पाण्याची बाटली आणि उरलेला चिवडा गेला. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरले तेव्हा एक वाजून गेला होता. आत गालिचा, त्यामुळे इतका वेळ सोबत असलेला बुटांचा आवाज एकदम बंद. जांभळ्या चौथऱ्यावर शवपेटी, वर मुकुट. टीव्हीत दिसतो त्याहून लहान वाटला. दर वीस मिनिटांनी पहारा बदलत होता. काठीची ठक् झाली आणि सगळे होतो तिथे थबकलो. मग माझी पाळी. इंग्रज मान लववतात, माझे हात आपसूक जोडले गेले. बस. जेमतेम पाच मिनिटं.

बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, “ते चुरचुरीत काय होतं त्याची कृती पाठव.” पाठवली. कढीपत्त्यासकट.

ॲबर्डीन

आमच्याकडून तिची शवपेटी रविवारी 11 तारखेला गेली. बाल्मोरल ते एडिंबरो, सहा तासांचा रस्ता, वाटेत बॅलटर, ॲबर्डीन, डंडी. मी डथी पार्कपाशी मुलाला खांद्यावर घेऊन उभा. गाड्या आल्या, गेल्या. काही सेकंदांचा खेळ. आमच्या कोपऱ्यावर टाळी नाही, हुंदका नाही. एकाने टोपी काढली आणि परत घातली. मी टोपी बघत राहिलो आणि शवपेटीवरची फुलं बघायची राहून गेली.

घरी टीव्हीवर दाखवलं, शेतकऱ्यांनी रस्त्याकडेला ट्रॅक्टर ओळीने लावून ठेवले होते. धुवून पुसून. पोळ्याला वेशीत बैल उभे करतात ना, अगदी तसे.

लेस्टर

माझी तक्रार आहे, चालत असेल तर लिहिते. 19 तारखेची अचानक सुट्टी जाहीर झाली आणि सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. शुक्रवारी फोन आला, पुढची तारीख कळवू. ती निघाली नोव्हेंबरात. दोन महिने माणूस एका डोळ्याने पेपर वाचत होता, आणि पेपरात पहिली आठ पानं राणीच. सासरे मात्र चिडले नाहीत. “तिचं ऑपरेशन आधी ठरलं होतं,” म्हणाले. (राणीच्या अंत्यविधीच्या योजनेचं नावच ‘ऑपरेशन लंडन ब्रिज’.)

ग्लासगो

लेस्टरच्या ताई, तुम्ही सौम्य लिहिलंत. मी जरा तिखट लिहितो.

ज्या दिवशी राणी गेली त्याच दिवशी सकाळी पार्लमेंटात वीज-गॅसच्या बिलांवर चर्चा चालू होती. सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांवर थोपवायची घोषणा झाली. अडीच हजार! हिवाळा तोंडावर, आणि त्यावर कुणी चार प्रश्न विचारायच्या आत सगळे चॅनेल काळे कपडे घालून बसले. दहा दिवस दुसरी बातमीच नाही. एडिंबरोत फलक धरलेल्या एका बाईला पोलिसांनी उचललं. लंडनमध्ये एक वकील नुसता कोरा कागद घेऊन उभा होता, त्यालाही नाव-पत्ता विचारला. पुढच्या वर्षी सरकारने हिशेब दिला: अंत्यविधी आणि बाकी सगळं मिळून 16 कोटी 17 लाख पौंड, त्यातले 7 कोटींहून जास्त गृहखात्याचे, म्हणजे मुख्यतः बंदोबस्त.

म्हातारी बाई गेली, तिच्याबद्दल मनात आकस नाही. शहाण्णव वर्षं जगली, मरणाच्या दोन दिवस आधी नव्या पंतप्रधानांना भेटून काम केलं. माझी आजीही शेवटच्या दिवशी ताक घुसळून गेली. तिच्यासाठी कुणी फुटबॉलचे सामने रद्द केले नाहीत.

*(ग्लासगोकर, त्या काळ्या कपड्यांची मजा आमच्या ऑफिसातही होती. पहिल्या दिवशी मी अजाणता पोपटी शर्ट घालून गेलो. कुणी काही बोललं नाही. इंग्रज बोलत नाहीत तेव्हाच जास्त लागतं.)*

रेडिंग, आईसोबत

आई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. 19 सप्टेंबर, सोमवार, सुट्टी. सकाळी तिने टीव्ही लावला आणि बोटांवर मोजू लागली. “आठला गेली. म्हणजे आज बारावा. उद्या तेराव्याचं गोडाचं जेवण व्हायचं, आणि यांचा अजून अंत्यविधीच चाललाय!” इतके दिवस पेटी कशी ठेवली, याची तिला खरी काळजी. आतून शिशाचा पत्रा असतो म्हटल्यावर उचलणाऱ्या आठ जणांबद्दल हळहळली. चर्चच्या पायऱ्या चढताना “सांभाळून रे पोरांनो” असं मराठीतून त्यांना सांगितलंही.

पितृपक्ष चालू होता. त्या दिवशी नेमकी अविधवा नवमी. आईने माझ्या आजीच्या नावाने पान वाढलं होतं आणि अधूनमधून उठून टीव्हीकडे बघत होती. तोफगाडा ओढायला 142 नौसैनिक, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या घंटेचे मिनिटामिनिटाला 96 ठोके, हे सगळं तिने शांतपणे पाहिलं. संध्याकाळी विंडसरच्या चॅपेलमध्ये पेटीवरचा मुकुट, राजदंड, सोन्याचा गोल उचलून बाजूला ठेवले आणि राजवाड्याचा मुख्य अधिकारी लॉर्ड चेंबरलेन याने हातातली काठी मोडून पेटीवर ठेवली. आई एकदम म्हणाली, “मडकं फोडलं.” मग पदराने डोळे पुसले. मला वाटतं, ते आजीसाठी होते. पण विचारलं नाही.

मिल्टन कीन्स

भारतातल्या आमच्या फॅमिली ग्रुपवर तासाभरात दोनच विषय: कोहिनूर आणि कर्तव्यपथ. कारण राजपथाचं नाव कर्तव्यपथ करून दिल्लीत नेताजींच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेही नेमकं 8 सप्टेंबरच्या संध्याकाळी. एका मावसभावाचं म्हणणं, हा योगायोग नव्हेच. त्याच भावाने रविवारी भारत सरकारने एक दिवसाचा दुखवटा पाळला, झेंडे अर्ध्यावर आणले, तेव्हा मात्र ग्रुप सोडला.

शवपेटीवरच्या मुकुटाला लाल गोल काढून ‘हाच आपला कोहिनूर’ असा फोटो मला नऊ जणांनी पाठवला. तो तो नव्हे हो. कोहिनूर राणीच्या आईच्या मुकुटात आहे. 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा तो मुकुट त्यांच्या पेटीवर होता. पुढे मे 2023 च्या राज्याभिषेकात कॅमिला यांनीही कोहिनूरवाला मुकुट घातला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर काकांचं उत्तर, “तू त्यांचं मीठ खातोस.” खातो. इथलं मीठ महागही आहे.

हीथ्रो

सामानाच्या विभागात होतो. अंत्यविधीच्या दिवशी सुमारे 15 टक्के उड्डाणं रद्द, आणि दोन मिनिटांच्या शांततेच्या आगेमागे धावपट्टी गप्प. सामानाचे पट्टे थांबले. वीस वर्षांत मी तिथे चिमणीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. एक प्रवासी मात्र त्या दोन मिनिटांत पूर्ण वेळ माझ्याकडे रागाने बघत होता. त्याची बॅग यायची होती.

ग्रीन पार्क, एका सहा वर्षांच्या मुलीची आई

जूनमध्ये राणीने पॅडिंग्टन अस्वलासोबत चहा घेतलेला लेकीने पाहिला होता, त्यामुळे मार्मलेडचं सँडविच ठेवायचंच होतं. बागवाल्यांनी तर अस्वलं आणि सँडविचं आणू नका म्हणून आधीच हात जोडले होते. फुलांवरचा प्लास्टिकचा कागदही काढून ठेवायचा, कारण पुढे सगळ्याचं खत होणार होतं. शेवटी लेकीने फुलं ठेवली आणि सँडविच तिथेच गवतात बसून स्वतः खाल्लं. “तिच्या वतीने,” असं तिचं म्हणणं.

बर्मिंगहॅम

माझा नागरिकत्वाचा समारंभ ऑक्टोबर 2022 मध्ये. उन्हाळ्यातच शपथ पाठ केली होती, हर मॅजेस्टी क्वीन एलिझाबेथ द सेकंड. कांदा चिरताना म्हणायचे, अंघोळीत म्हणायचे. समारंभात हातात नवा कागद: हिज मॅजेस्टी किंग चार्ल्स द थर्ड. तरी माझ्या तोंडून ‘क्वीन’ निघालंच. घाबरून वर पाहिलं तर शपथ देणाऱ्या बाई हसू दाबत होत्या, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर अजून राणीचाच फोटो. मी नक्की कुणाशी एकनिष्ठ आहे, हे नवरा अजून विचारतो.

लंडन, वकिली

आमच्याकडे फार सोपं झालं. रात्री झोपताना वरिष्ठ वकील ‘क्यूसी’ (क्वीन्स काउन्सेल) होते, उठले ते ‘केसी’ (किंग्ज काउन्सेल) होऊन. पाटीवाल्याची दिवाळी लवकर आली.

कॉव्हेंट्री, पोस्टाचा काउंटर

राजाचं पहिलं 50 पेन्सचं नाणं डिसेंबर 2022 मध्ये आमच्या काउंटरवरूनच लोकांच्या हातात गेलं. राणी उजवीकडे बघायची, राजा डावीकडे बघतो. तिकिटं 2023 मध्ये आली, नोटा जून 2024 मध्ये. तिची नाणी चालतातच. तिच्या चेहऱ्याची 27 अब्ज नाणी चलनात होती, ती काय एका दिवसात संपणार?

आमच्याकडे दर सोमवारी एक आजी येतात, नातवंडांना पत्रं टाकायला. सुट्ट्यात राजाचं नाणं गेलं की काचेखालून परत सरकवायच्या. “हे नको, तिचं दे.” मग मी गल्ल्याशेजारी एक वाटी ठेवली आणि तिची नाणी त्यात जमवू लागलो, खास आजींसाठी. दीड वर्ष हा कार्यक्रम चालला. मध्यंतरी एका सोमवारी वाटी रिकामी होती. आजींनी राजाचं नाणं घेतलं, चष्मा कपाळावर चढवून उलटसुलट पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं.

“कान मात्र इमानदारीने काढलेत,” म्हणाल्या.