वर्गात उलटी झाली तर फरशी कशी साफ करावी?

प्रश्न: शाळेत उलट्या-जुलाबाची साथ आहे. कोणी ओकलं की फिनेल टाकून फडकं मारतात. पुरतं का?

उत्तर १: नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा विषाणू) असेल तर नाही. आधी मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे-मास्क घालून उलटीवर कागदी टॉवेल टाका, कडेकडून मध्याकडे गोळा करा, पिशवीत बांधा. मग जागा साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर नंतर टाकायचं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण) उरलेल्या घाणीवरच खर्ची पडतं. शेवटी ९०० मिलि पाण्यात ५ टक्क्यांचं १०० मिलि ब्लीच मिसळून फरशीवर टाका. फरशी ५ मिनिटं ओली राहिली पाहिजे. इथेच घाई होते, लगेच पुसतात. द्रावण रोज ताजं करा. आणि ब्लीचमध्ये दुसरं क्लीनर अजिबात ओतू नका, विषारी वायू सुटतो.

उत्तर २: आजूबाजूचे बाक, दाराची कडी, नळही पुसा. तुषार लांब उडतात.

प्रश्नकर्ता: सॅनिटायझर ठेवलंय दारात.

उत्तर १: या विषाणूवर त्याचा फारसा उपयोग नाही. साबणाने २० सेकंद हात, बोटांच्या बेचक्यांसकट.

उत्तर ३: आणि उलटी-जुलाब पूर्ण थांबल्यावर ४८ तास मूल घरीच. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून पाठवलेलं मूलच साथ लांबवतं.