म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरची गाठ : निदानापूर्वीचे आणि नंतरचे अनुभव

घरातला कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला, की अंगावरून हात फिरवताना कधीतरी बोटांना गाठ लागते आणि तेव्हापासून निदान हाती येईपर्यंतचा काळ सगळ्यांनाच जड जातो. ज्यांनी तो काळ काढला आहे, त्यांनी काय दिसले, कोणत्या तपासण्या झाल्या, काय ठरवले आणि का, हे सविस्तर लिहावे. औषधांची नावे लिहिली तरी मात्रा लिहू नये. सुरुवात मीच करते.

पुणे, लॅब्रेडॉर, वय ११

हिच्या बरगड्यांवर चरबीच्या मऊ गाठी पूर्वीपासून आहेत. या जातीत म्हातारपणी त्या इतक्या सर्रास होतात, की नवी गाठ आली तरी ‘हीसुद्धा चरबीचीच’ असे घरात कोणीतरी म्हणतेच. मांडीवरची गाठ मात्र वेगळी वागत होती. तिने ती चाटली किंवा खाजवली, की थोड्याच वेळात गाठ लाल होऊन फुगायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लहान दिसायची. डॉक्टरांनी नुसते चाचपून कोणताही अंदाज सांगितला नाही, हे मला फार आवडले. त्यांनी बारीक सुईने थोड्या पेशी काढून काचपट्टीवर पसरल्या. भूल द्यावी लागली नाही, ती शेपूट हलवत उभी होती. अहवालात मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीतला एक कर्करोग, निघाला. मास्ट पेशींत हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन साठलेले असते, त्यामुळे गाठ चोळली गेली की सुजते आणि पोटात आम्ल वाढून व्रणही होऊ शकतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीच अ‍ॅलर्जीची आणि आम्लपित्ताची औषधे सुरू झाली. गाठीभोवतीची निरोगी दिसणारी कातडीही बरीच काढावी लागली आणि कडेला पेशी उरलेल्या नाहीत हे बायोप्सीने कळल्यावरच आम्ही निर्धास्त झालो. आता नवी गाठ दिसली, की शेजारी रुपयाचे नाणे धरून मी तिचा फोटो काढून ठेवते, ‘वाढली का?’ या प्रश्नावर घरात वाद होत नाहीत.

ठाणे, पॉमेरेनियन, वय १२

आमच्या कुत्रीची नसबंदी झालेली नव्हती. मागच्या पायांजवळच्या स्तनात हरभऱ्याएवढी कडक गाठ लागली, तेव्हा सासूबाईंचे म्हणणे होते, की एवढ्या वयात मुक्या जिवाला कशाला कापायचे. त्यांची भीती भुलेची होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण डॉक्टरांनी रक्त, मूत्रपिंडे आणि हृदय तपासून सांगितले, की वय हा आजार नव्हे. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक असतात आणि त्या फुफ्फुसांत पसरू शकतात, म्हणून आधी छातीचे एक्स-रे काढले. फुफ्फुसे स्वच्छ होती, तेव्हा शस्त्रक्रिया केली. पहिल्या माजापूर्वी नसबंदी केली, तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो, असे तेव्हा कळले. घरात लहान पिल्लू असणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा, गावठी कुत्रा, वय अंदाजे १०

याच्या जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यांमागे गाठी आल्या, नाकातून रक्त आले आणि खाणे सुटले. लसिका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, अशी शंका एका ठिकाणी व्यक्त झाली आणि घरात रडारड सुरू झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. प्लेटलेट फार कमी होत्या आणि निघाला गोचीडताप. डॉक्सीसायक्लिनने गाठी ओसरल्या आणि तो पुन्हा शेतावर येऊ लागला. आपल्याकडे गोचीड बारमाही, त्यामुळे ही तपासणी राहू देऊ नये.

नागपूर, जर्मन शेफर्ड, वय ९

आमच्याकडे हाताला लागणारी गाठ नव्हतीच. सकाळी फिरायला निघालेला कुत्रा फाटकापाशी कोसळला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि संध्याकाळपर्यंत तो बराच सावरला. उन्हाचा त्रास असेल, असे सगळ्यांना वाटले. सोनोग्राफीत प्लीहेवर मोठी गाठ आणि पोटात रक्त दिसले. प्लीहेवरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते आणि ती काढून तपासल्याशिवाय खात्री होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण हृदयाच्या उजव्या कप्प्यावरही गाठ दिसल्यावर हिमँजिओसार्कोमाची शक्यता फार वाढली. रक्तवाहिन्यांच्या या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरही बहुधा थोडेच महिने मिळतात. बाबांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. पुन्हा रक्तस्राव झाला, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावून त्याला शांतपणे जाऊ दिले. लोक काय म्हणतील याची चर्चा आम्ही केली नाही, आणि ते बरे झाले.

न्यू जर्सी, रॉटवायलर, वय १०

पुढच्या पायाच्या मनगटाजवळ हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, निघाला. अशा वेळी बहुतेकदा पाय काढतात, कारण त्याने वेदना थांबतात. पण याचे मागचे दोन्ही सांधे झिजलेले होते आणि तीन पायांवर तो उभा राहिलाच नसता. आम्ही वेदनाशामकांचा मार्ग घेतला. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी केलेली एक मोजपट्टी आम्हाला मिळाली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे; बेरीज ३५ च्या वर असेल, तर काळजी घेत राहणे रास्त मानतात. मी आणि नवरा वेगवेगळ्या कागदांवर गुण लिहायचो. भुकेचे गुण जुळायचे, वेदनेचे कधीच जुळले नाहीत, आणि निर्णयाची खरी चर्चा त्या तफावतीवरच झाली.

पुणे, पुन्हा मीच

वेदनांचा विषय निघाला आहे, म्हणून एक गोष्ट लिहिते. घरातली माणसांची आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नये आणि पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. पहिलीने पोटात रक्तस्राव होऊन मूत्रपिंडे बिघडू शकतात, तर दुसरीने यकृत. रात्री दवाखाना बंद असेल, तर फोन करून विचारावे. तो धापा टाकत असेल किंवा हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये.