विषय : गणेशोत्सव – पेटीची पट्टी आणि व्हायोलिनवाले (तातडीचे)

प्रेषक : सुनीता (सांस्कृतिक समिती)

सप्रेम नमस्कार.

शनिवारच्या तालमीत नांदीचा प्रश्न सुटला नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असे चौघेही वादक पेटीबरोबर वाजवायला आनंदाने तयार आहेत. पण आपली पेटी चढी आहे. केदारने ट्यूनर (सूर मोजायचे यंत्र) लावला तेव्हा पांढरी सहा, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी, ४४० हर्ट्झऐवजी ४४५ वर निघाली. ते स्वतःच्या तारा पेटीला जुळवूनही घेतील, परंतु त्याच रात्री त्यांना इथल्या सिनसिनाटीच्या म्युझिक हॉलमध्ये पॉप्सच्या (लोकप्रिय गाण्यांच्या) कार्यक्रमात वाजवायचे आहे, आणि ताण एकदा चढवून पुन्हा उतरवला की तारा बराच वेळ सरकत राहतात, अशी त्यांची रास्त अडचण आहे. गुरुवारपर्यंत निर्णय हवा. शिवाय त्यांना हात नसलेल्या चार खुर्च्या लागतील. शाळेच्या हॉलमधल्या सगळ्या हातांच्या आहेत.

प्रेषक : अण्णा

सुनीता, पेटी चढी नाही. ती मी स्वतः पुण्याहून मांडीवर ठेवून आणली आणि तेव्हापासून प्रत्येक आरती तिच्यावरच झाली आहे. केदारने मला न विचारता तिला ट्यूनर का लावला, हे मला कळलेले नाही. सूर उतरवण्यासाठी रीड (पेटीतली स्वराची पितळी पात) मुळाशी घासावी लागते, आणि घासलेले पितळ कोणी परत भरून देत नाही. तेव्हा पेटीला कोणीही हात लावू नये, ही विनंती.

दुसरे म्हणजे, भित्तिपत्रकावर ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द कोणी छापला? माझ्याकडे तीन फोन आले. तिघांनीही किशोरकुमारची गाणी कोण म्हणणार, असेच विचारले. शिवाय सिनसिनाटी सिम्फनीसारख्या ज्या संस्थेला कोट्यवधी डॉलरच्या देणग्या मिळतात, तिच्या वादकांना मंडळाने मानधन का द्यावे, हेही समितीने सांगावे.

प्रेषक : विद्या

अण्णा, भित्तिपत्रक मी केले. गिरगावात वाढलेल्या माणसाच्या कानांत ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीच्या मांडवात चमचमत्या कोटातला गायक, हे मला मान्य आहे. त्याच मुंबईत व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, पण आमच्या चाळीपर्यंत त्याचा आवाज कधी पोचला नाही. मात्र इथला ‘पॉप्स’ हा प्रकार आपल्या मांडवातल्या ऑर्केस्ट्रापासून तुम्हाला वाटतो तितका दूर नाही. सिनसिनाटी पॉप्स १९७७ मध्ये संचालक एरिक कुन्झेल यांच्या हाताखाली सुरू झाला. वादक सिम्फनीचेच, फक्त गाणी चित्रपटांची, नाटकांची आणि सणांची. याच कुन्झेल यांनी १९७८ साली रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या ‘१८१२’ या रचनेचे ध्वनिमुद्रण खऱ्या तोफांच्या आवाजासह केले, आणि तबकडीवर स्पीकर फुटण्याचा इशारा छापावा लागला. आपल्या ढोल-ताशांना नावे ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. शब्द बदलायचा असेल तर ‘वाद्यवृंद’ करते, पण फलक छपाईला गेला आहे.

प्रेषक : श्रीरंग

फक्त मानधनाबद्दल लिहितो. अण्णा म्हणतात त्या देणग्या खऱ्या आहेत. २००९ साली लुईझ निपर्ट यांनी साडेआठ कोटी डॉलर दिले, आणि ते द्यावे लागले याचा अर्थ तिकिटांवर हा डोलारा उभा राहत नाही, असाच होतो. हेलन टाफ्ट यांच्या पुढाकाराने १८९५ मध्ये पहिले कार्यक्रम झालेला हा वाद्यवृंद १९०७ ते १९०९ अशी दोन वर्षे चक्क बंद होता, आणि संचालक म्हणून स्टोकोव्स्कींना आणून तो पुन्हा उभा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेव्हाचे संचालक यूजीन गूसेन्स यांनी इथे प्रत्येक मैफल नव्या फॅनफेअरने (तुताऱ्यांच्या छोट्या सलामीने) सुरू करायचे ठरवून अनेक संगीतकारांकडून रचना मागवल्या. त्यांपैकी १९४३ साली वाजलेली कोपलंडची ‘सामान्य माणसासाठी’ लिहिलेली रचना आज जगभर वाजते, बाकीच्या बहुतेक विस्मरणात गेल्या. आजही हेच वादक ऑपेरात आणि बॅलेत मंचाखालच्या खड्ड्यात बसून वाजवतात. गावाचे अर्धे संगीत ज्या हातांवर चालते, ते आपल्याकडे दुपारचे तीन तास देणार असतील, तर केटररला न मागता देतो तेवढे तरी त्यांना द्यावे.

जाता जाता : म्युझिक हॉलमध्ये मी प्रथम गेलो तेव्हा रचनेचा पहिला भाग संपताच एकटाच टाळ्या वाजवत होतो; तिथे पूर्ण रचना संपल्यावरच टाळ्या वाजवतात. शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे पाहून दोन टाळ्या वाजवल्या, केवळ मला सोबत म्हणून.

प्रेषक : वैशाली

श्रीरंगदादा, किस्सा छान आहे, पण गाणार मी आहे आणि मला कोणीच विचारलेले नाही. मी काळी चारमध्ये गाते. केदारने परस्पर पांढरी पाच ठरवल्याचे माझ्या मुलीकडून कळले. अर्ध्या स्वराने खाली आले की वर गायला सोपे जाते, हे मान्य. पण नांदीतला मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ऐकूच येत नाही. पट्टी बदलण्याचे कारण कळावे.

प्रेषक : केदार

वैशालीताई, अण्णा, दोघांचीही मनापासून क्षमा मागतो.

कारण असे : व्हायोलिनच्या मोकळ्या चार तारा म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. षड्ज पांढरी पाचवर धरला की तो आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात, आणि तंबोऱ्यासारखा भरणा होतो. काळी चारवर चारही तारा दाबूनच वाजवाव्या लागतात. वाजते, पण नाद कोंडतो. शनिवारी दोन्ही वाजवून घेतले तेव्हा चेलोवाल्या बाईंनी काही न बोलता नुसता गज उचलून माझ्याकडे पाहिले.

पेटीच्या ४४५ बद्दल अण्णांना दुखवायचे नव्हते. वाद्यवृंदात ओबो हे सनईसारखे वाद्य वाजवणारा पांढरी सहा देतो आणि बाकी सगळे मुकाट्याने तिला जुळवून घेतात. आरतीला तो मान आपल्या पेटीचाच आहे. म्हणून सुचवतो : नांदीत पेटी नसावी. ॲपवरचा तंबोरा ४४० वर लावून चौघे आणि वैशालीताई एवढेच असावेत, मग व्हायोलिनवाले उतरतील आणि आरतीला अण्णांची पेटी चढेल. मंद्र पंचमाच्या ओळीखाली चेलो तोच स्वर धरील. गुरुवारी ताईंनी एकदा गाऊन पाहावे, नाही बसले तर काळी चार कायम.

प्रेषक : अण्णा

पेटी नांदीत नसेल तर हरकत नाही, मात्र ती मंचावर झाकून ठेवलेली तरी दिसली पाहिजे. गुरुवारी मी स्वतः घेऊन येतो. ट्यूनर घरी ठेवावा. मानधनाचा आकडा सुनीताने समितीत मांडावा, मी विरोध करणार नाही.

प्रेषक : सुनीता

आभार. वैशाली, गुरुवारी साडेसहा. विद्या, फलक आहे तसाच जाऊ दे. हात नसलेल्या खुर्च्यांबद्दल अजून कोणीही लिहिलेले नाही.

प्रेषक : विद्या

माझ्या जेवणाच्या टेबलाच्या चार आहेत. एकीचा पाय हलतो, ती व्हायोलाला द्यावी का?